अकरा वाजताचं पाणी

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती कडाक्याची. सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची म्हणजे हातमोजे, स्वेटर, कानाला मफलर, आणि एवढं करून चष्म्यावर धुकं ते धुकंच. पन्नाशी उलटल्यावर माणूस थंडीच्या नावानं कुरकुर करतो आणि मनातून तिची वाटही पाहतो, तसंच माझं आहे. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला कारखान्यांच्या भिंती आणि भिंतींच्या कडेनं ओळीनं गटाराची झाकणं. थंडीत ही झाकणं वाफाळतात. पहिल्या पाळीच्या बाया कंपनीच्या गाडीची वाट पाहत तिथंच घोळका करून उभ्या असतात, कारण तिथं पायाला ऊब लागते. परवा त्यांच्यातली एक मला हसून म्हणाली, "या म्याडम, शेका जरा. फुकटची शेगडी हाय."

मी थांबले नाही. गटारातलं पाणी एवढं गरम का, हा प्रश्न तिला पडला नसेल. पडायला हवा तो मला. नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी रसायनतज्ज्ञ आहे, आणि शहराच्या गटारात कोण काय सोडतं हे पाहायचा पगार घेते.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहून काही फरक पडणार असता तर लिहिलं असतं. नगर जिल्ह्यातलं एक शहर, एवढं पुरे. जिल्ह्याचं नाव मधल्या काळात बदललं, पाट्या बदलल्या, आमच्या लेटरहेडचे गठ्ठे बदलले. जुने गठ्ठे मी पाठकोरे म्हणून अजून वापरते.

थंडीच्या दिवसांत त्या वाफेचा वास नाकात शिरला की मला एकच हिवाळा आठवतो. तेव्हा आमची टाकी जिवंत होती, आणि ती जिवंत ठेवणारा माणूस आमच्याकडे होता.

शमुवेल साळवे त्याचं नाव. श्रीगोंद्याकडचा, पूर्वी एका साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्लँटवर हंगामी कामाला होता. आमच्याकडे तो ठेकेदाराचा ऑपरेटर म्हणून आला. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, उंच, किंचित पोक काढून चालणारा. डोक्याला कायम माकडटोपी, उन्हाळ्यातही. मी त्याला साळवेकाका म्हणायची. तो मला चारचौघांत म्याडम म्हणायचा आणि टाकीपाशी ताई.

टाकी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शहरातल्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना वाटतं की घाण पाण्यात आम्ही काही पावडर टाकतो आणि ते साफ होतं. तसं नसतं. त्या मोठ्या टाकीत गाळ असतो, आणि त्या गाळात कोट्यवधी जिवाणू असतात. आपण नाक दाबून जे वाहून दिलेलं असतं ते हे जिवाणू खातात. खालून ब्लोअरनं हवा सोडायची, वरून शहराचं सांडपाणी यायचं, आणि हे आपले जेवत बसलेले. त्यांचं पोट भरलं की पाणी साफ. मी त्यांना बॅक्टेरिया म्हणायची. साळवेकाका त्यांना जनावरं म्हणायचा.

"आज जनावरं खात न्हाईत ताई. रवंथबी न्हाई."

तो हे कसं ओळखायचा? एक लिटरच्या काचेच्या उंच नळीत टाकीतलं पाणी भरून तो ती खिडकीत ठेवायचा आणि शेजारी स्टूल टाकून बसायचा. अर्ध्या तासात गाळ किती आणि कसा बसतो ते पाहायचं, ही आमची रोजची चाचणी. मी आकडा लिहून मोकळी व्हायची. तो अर्धा तास हलायचा नाही. गाळ तपकिरी हवा, चिंचेच्या कोळासारखा, आणि त्याला ओल्या मातीचा वास हवा. तो नळीवर नाक नेऊन वास घ्यायचा. सुरुवातीला मला शिसारी यायची. पुढेपुढे मीही घ्यायला लागले. खरं सांगते, चांगल्या गाळाचा वास वाईट नसतो.

केंद्र सुरू झालं तेव्हा टाकीत जनावरं नव्हतीच. ती आणायची कुठून? पुस्तकात लिहिलेलं असतं की दुसऱ्या चालू केंद्रातून गाळ आणावा. आमच्या आसपास चालू केंद्र कुठलं? साळवेकाकानं जवळच्या वस्तीवरच्या गोठ्यांमधून शेण मागून आणलं, ट्रॉली भरभरून. ते पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं आणि टाकीत सोडलं. वर गुळाचं पाणी. काळा, विकायच्या लायकीचा नसलेला गूळ गुऱ्हाळवाले असाच देऊन टाकायचे. महिनाभर तो रोज सकाळी टाकीच्या कठड्यावरून वाकून गुळाचं पाणी ओतायचा. अभियंता साहेब मला खासगीत म्हणाले, "हे काय चाललंय? देवाला नैवेद्य?" पण दीड महिन्यानं टाकी तपकिरी झाली. बाहेर पडणारं पाणी काचेच्या पेल्यात धरलं तर पलीकडची बोटं दिसायला लागली. साहेबांनी त्या पेल्यासकट फोटो काढून घेतला. फोटोत साळवेकाका नाही.

त्या पाण्याचं महत्त्व आमच्या कार्यालयात कोणाला होतं असं मला वाटत नाही. ते महत्त्व ओढ्याकाठच्या लोकांना होतं. आमचं पाणी ओढ्याला जायचं आणि ओढ्यावर मोटारी लावून लोक मेथी, पालक, कोथिंबीर करायचे. अजूनही करतात. सोमवारच्या बाजारात ती भाजी येते, टवटवीत, हिरवीगार, आणि मी ती विकत घेते. घेताना मला सगळं माहीत असतं. तरी घेते. मेथी तर मेथीच ना, दुसरी कुठून आणू?

तर तो हिवाळा. कार्तिक लागला होता. एका सकाळी मी केंद्रावर पोचले तर टाकीवर पांढरा फेस, कठड्याच्या वर आलेला, वाऱ्यानं त्याचे पुंजके आवारात उडत होते. खिडकीतल्या नळीत गाळ बसलाच नव्हता. सगळं पाणी राखाडी, गढूळ. आणि वास? मेलेल्या उंदराचा. साळवेकाका स्टुलावर बसला होता, पण नळीकडे पाहत नव्हता.

"मेली," तो म्हणाला. "रातच्याला चांगली हुती. जेवत हुती. पहाटं काहीतरी आलं."

मी आत येणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला. तपासला. सगळं मर्यादेत. तसं नोंदवहीत लिहिलं.

इथं मला नोंदवहीबद्दल सांगावं लागेल. आमची नोंदवही छापील असते. तारीख, ठिकाण, नमुना घेणाऱ्याची सही, यांचे रकाने कोरे असतात. वेळेचा रकाना कोरा नसतो. तिथं 'स. ११.००' असं छापलेलंच आहे. कधी काळी कोणा साहेबानं ठरवलं असेल, कारण जीप साडेदहाला यायची आणि बाटल्या काढेपर्यंत अकरा वाजायचे. पुढे जीप मोडीत निघाली. छापखाना मात्र तोच राहिला. गेली कित्येक वर्षं या शहराच्या गटारातून काय वाहतं याचा जो काही सरकारी पुरावा आहे, तो सगळा सकाळी अकरा वाजताचा आहे. आणि हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्या सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या साहेबांना, मला, आणि कारखान्यांना.

साळवेकाकानं टाकी पुन्हा उभी केली. पुन्हा शेण, पुन्हा गूळ. थंडीत जनावरं हळू वाढतात, त्यामुळे तो ब्लोअरचा वेग बदलून बदलून पाहायचा, कठड्यावर हात टेकून पाण्याचा आवाज ऐकायचा. तीन आठवडे गेले. गाळाला रंग येऊ लागला होता. आणि एका सकाळी पुन्हा तोच फेस.

त्यानंतर तो पहाटे केंद्रावर थांबेनासा झाला. सायकल घेऊन औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानं हिंडायचा, एकेका झाकणापाशी थांबून. मला नंतर सांगितलं. कुठल्या झाकणातून वाफ जास्त येते ते त्यानं आधी पाहिलं. मग पहारीनं झाकण सरकवून आत बॅटरी मारली. नळाच्या तोट्यांना चकाकी चढवणारा एक कारखाना आहे. त्याची नळी शहराच्या गटाराला जिथं मिळते त्या चेंबरमध्ये त्याला पिवळं पाणी दिसलं.

"हळदीवानी पिवळं, ताई. आन् गरम. डोळं चुरचुरलं माझं."

मी समजले. क्रोमियम. मुलाम्याच्या टाक्यांमधलं पाणी खराब झालं की ते बदलावं लागतं. ते आधी कारखान्यानं स्वतःच्या आवारात शुद्ध करायचं आणि मग गटारात सोडायचं, असा नियम आहे. त्यासाठी कारखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटं केंद्र आहे, त्याला हिरवा रंग दिलेला आहे आणि समोर तुळस लावलेली आहे. ते चालवायला वीज लागते, रसायनं लागतात, माणूस लागतो. गटार मात्र सकाळी सहाला उघडंच असतं.

पुढच्या बारा सकाळी साळवेकाकानं बारा बाटल्या भरल्या. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या, धुऊन, वर कागद चिकटवून तारीख घातलेल्या. माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यानं त्या ओळीनं मांडल्या. उन्हात त्या सुंदर दिसत होत्या, हे कबूल करायला हवं. सात साध्या मळकट आणि मध्येमध्ये पाच पिवळ्याजर्द.

"आता लिवा," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. हा नमुना धरला जाणार नाही. बाटली आमची नाही, सील नाही, पंच नाही. नमुना कारखान्याच्या माणसासमोर घ्यावा लागतो, त्याचे दोन भाग करावे लागतात, एक त्यांना द्यावा लागतो, लाखेचं सील लावून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. त्याशिवाय ते पाणी म्हणजे नुसतं पाणी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मंजी तेंनी सही केल्याबिगर तेंची घाण ही तेंची घाण न्हाई?"

"असंच काहीसं."

"लई भारी," असं म्हणून तो हसला. मलाही हसू आलं. तेव्हा आम्ही दोघं हसू शकत होतो.

मग मी एक गोष्ट केली. आयुष्यात अशा गोष्टी मी फार केल्या नाहीत, म्हणून सांगते. साहेबांना न विचारता मी पहाटे यायचं ठरवलं. नोंदवही, दोन बाटल्या, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का, सगळं पिशवीत भरलं. साळवेकाका सायकलवर, मी मागून स्कूटरवर. सव्वासहाला आम्ही त्या चेंबरपाशी होतो. उजाडायला लागलं होतं. त्यानं झाकण सरकवलं आणि वाफेचा लोट तोंडावर आला. आत पिवळं पाणी वाहत होतं, अगदी संथ, भरून.

मी गेटवर गेले. वॉचमनला सांगितलं की नगरपालिकेतून आलोय, नमुना घ्यायचाय, तुमच्या जबाबदार माणसाला बोलवा. तो घाबरला. आत फोन केला. म्हणाला, "साहेब निघाल्यात घरून. धा मिन्टं. बसा तुमी."

दहा मिनिटांनी आतून चहा आला. आल्याचा, चांगला, दुधाळ. थंडी अशी की कप हातात धरला आणि सोडवेना. मी खुर्चीवर बसून चहा पिते आहे आणि पन्नास पावलांवर साळवेकाका चेंबरच्या कडेला उकिडवा बसलाय. तो तिथून ओरडला, "ताई, भरा की! आता भरा!"

मी हातानं थांबा अशी खूण केली. त्यांचा माणूस नसताना भरलं तर उपयोग काय? नियमानंच जायचं तर नियमानं. मला ते फार बरोबर वाटत होतं. आपण कायद्यानं चाललोय, यातला तो एक मस्त ताठा असतो ना, तो अंगात होता.

पाऊण तासानं मॅनेजर आले. अतिशय सज्जन माणूस. आंघोळ केलेली, कपाळाला गंध. "मॅडम, एवढ्या थंडीत तुम्ही कशाला त्रास घेतलात? एक फोन केला असता. चला, माझ्यासमोर घ्या, हवे तितके घ्या." आम्ही चेंबरपाशी गेलो. साळवेकाका उठून बाजूला झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पाणी स्वच्छ होतं. पिवळेपणाचा मागमूस नाही. वाफही विरळ झाली होती. आतून कुणीतरी साध्या पाण्याचा मोठा नळ सोडलेला होता, त्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि तो आवाज आम्ही तिघंही ऐकत होतो. मी बाटली भरली. दोन भाग केले. मॅनेजरांनी मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून स्वतःच्या तळहाताचा आडोसा केला. लाख वितळली, शिक्का बसला, सह्या झाल्या. वेळेच्या रकान्यात छापलेलं होतं ते मी तसंच ठेवलं. खोडाखोड केलेला नमुना बाद होतो.

त्याच संध्याकाळी घरी मी नियमांची पुस्तिका काढली. प्रशिक्षणात मिळालेली, तोवर अर्धीच वाचलेली. दोन भाग, सील, सह्या, हे सगळं ज्या पानावर होतं त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं: कारखान्याचा माणूस मुद्दाम हजर राहत नसेल तर तशी नोंद करून, नमुना घेणाऱ्यानं एकट्याच्या सहीनं सील करावं. तो नमुना ग्राह्य.

म्हणजे थांबायची गरज नव्हती. सव्वासहाला वॉचमननं फोन ठेवला तेव्हाच मी चेंबरपाशी जाऊन बाटली भरू शकत होते. आमच्या खात्यात कोणीही कधी तसं केलेलं नव्हतं. साहेब थांबत, त्यांच्या आधीचे साहेब थांबत, चहा येई, सगळे घेत. थांबायचं असतं हे मी कामातून शिकले होते, आणि कामातून शिकलेलं आपण पुस्तकात तपासत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागली. पण उठल्यावर पहिल्यांदा आठवलं ते ते पान.

मी साळवेकाकाला सांगितलं नाही. उद्या सांगू, पुढच्या वेळी नीट करू, असं म्हणत राहिले. पुढची वेळ आली नाही. कारखाना सावध झाला, आणि साहेबांनी मला बोलावून शांतपणे विचारलं की कार्यालयीन वेळेबाहेर काम करण्याची परवानगी कोणाची घेतली होती.

नाताळच्या दहाबारा दिवस आधी, पुन्हा धरू लागलेली टाकी तिसऱ्यांदा मेली. या वेळी ओढ्याच्या खालच्या अंगाला मासे तरंगले, कोणीतरी व्हिडिओ काढला, तो मोबाईलवरून फिरत फिरत नगरला पोचला आणि चौकशी लागली. नगरपालिकेच्या सभागृहात टेबलाच्या एका बाजूला नगरहून आलेले अधिकारी, शेजारी आमचे साहेब, समोर मी. भिंतीला लागून खुर्चीवर साळवेकाका, माकडटोपी मांडीवर ठेवलेली. मी त्याचं डोकं पहिल्यांदाच उघडं पाहत होते. केस पूर्ण पांढरे होते.

तो आधीच बोलून झाला होता. पिवळं पाणी, पहाटेची वेळ, बारा बाटल्या. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं होतं आणि काही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी माझी नोंदवही उघडली.

"मॅडम, या नोंदींनुसार आत येणारं पाणी कधी मर्यादेबाहेर आढळलं का?"

"नाही, सर."

"या सह्या तुमच्या?"

"हो."

"मग टाकी कशामुळे मेली असेल?"

मला बोलता आलं असतं. नोंदवही अकरा वाजताची आहे, एवढं एक वाक्य. पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय, हे दुसरं. आणि त्या दिवशी मी बाटली का भरली नाही, हे तिसरं. पहिली दोन बोलले असते तर तिसरं कोणीतरी विचारलंच असतं. साहेब टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. माझं कायम होण्याचं प्रकरण त्या वर्षी त्यांच्याच टेबलावर होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. होतं ते सांगते.

"सांगता येणार नाही," मी म्हणाले.

अहवालात आलं: चालवण्यातील हलगर्जी. ठेकेदारानं आठवड्याच्या आत साळवेकाकाला काढलं. त्याच्या जागी आला त्याला नळीकडे अर्धा तास बघत बसण्यात रस नव्हता, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुन्हा शेण कोणी आणलं नाही. टाकीत जे येतं ते तसंच पुढे ओढ्याला जातं. ब्लोअर पाहुणे येणार असले की लावतात, बुडबुडे दिसतात, पाहुणे माना डोलावतात.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला होता. हातात स्टीलचा डबा. करंज्या, शंकरपाळे, थोडा केक. दर वर्षी आणायचा तसाच. मी म्हटलं, "काका, बसा ना." तो बसला नाही. "चर्चमधून तसाच आलो. पोरी वाट बघत्यात." दारात थांबून म्हणाला, "तुमी खोटं न्हाई बोलला ताई. वहीत हुतं तेच सांगितलं." ते तो रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो माझी समजूत काढत होता. करंज्या मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

त्याला किती थंड्या होऊन गेल्या. मी कायम झाले. मला बढतीही मिळाली. शहरात बैठका होतात, औद्योगिक सांडपाण्यावर नियंत्रण हा विषय पत्रिकेवर असतो, बहुतेकदा शेवटून दुसरा. त्यावर कोणी विरोधात बोलत नाही. मॅनेजरसुद्धा बोलतात, नियम कडक हवेत म्हणतात. आमच्याच नात्यातली दोन माणसं त्या कारखान्यात आहेत, माझ्या स्वयंपाकघरातली तोटी तिथलीच आहे, आणि ती इतकी चकचकीत आहे की तिच्यात तोंड दिसतं. वाईट माणूस कोण म्हणून बोट दाखवायला गेले तर मला कोणी सापडत नाही. सगळे भले आहेत आणि ओढा पिवळा आहे.

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला की माणसांच्या नमुन्यांवर विसंबून राहायचं नाही. यंत्र बसवायचं. आत येणाऱ्या पाण्यात त्याची दांडी बुडलेली राहील, दर पंधरा मिनिटांनी आकडा थेट वर जाईल, कोणाला त्यात हात घालता येणार नाही. केंद्राच्या गेटवर मोठा पडदाही लावला, लोकांना दिसावं म्हणून. यंत्र सुरू झालं त्या आठवड्यात मला खरोखर वाटलं होतं की आता सुटलो. पहाटे सहाचा आकडा पहाटे सहालाच जाईल. रात्री घरी मी नवऱ्याला ते समजावून सांगितलं होतं, नेहमी सांगत नाही.

या महिन्यात साळवेकाका आला. खर्ड्याकडे मुलीकडे असतो आता. इथं चर्चमध्ये कोणाचं लग्न होतं, ते आटोपून चालत चालत केंद्रावर आला. माकडटोपी तीच की तसलीच, कळलं नाही. पोक वाढलंय. एक डोळा अधू झालाय, मोतीबिंदू म्हणाला. मला फार आनंद झाला आणि त्याच वेळी तो लवकर जावा असंही वाटलं.

गेटवरच्या पडद्यापाशी तो बराच वेळ उभा होता. हिरव्या अक्षरांत आकडे. सगळे मर्यादेत.

"लई साफ पानी येतंय की," तो म्हणाला. "मंग टाकी लागली का खायला?"

"बघा तुम्हीच," मी म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार.

तो कठड्यापाशी गेला. राखाडी पाणी, वर साय. ब्लोअर बंद. त्यानं वाकून वास घेतला आणि लगेच सरळ झाला. मग तो पाणी आत येतं त्या पाटाकडे वळला. यंत्राची दांडी पाटात नव्हती. तिची वायर कठड्यावरून खाली उतरून भिंतीच्या आडोशाला गेली होती आणि तिथं एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीत दांडी बुडवून ठेवलेली होती. बादलीत नळाचं पाणी.

पहिल्या आठवड्यातले पहाटेचे मर्यादेबाहेरचे आकडे वर गेले तेव्हा वरून खुलासा मागणारी पत्रं आली होती. साहेब म्हणाले, दांडी घाणीनं खराब होतेय, दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत तात्पुरती स्वच्छ पाण्यात ठेवा. हे साहेब नवीन आहेत. बोलायला जुन्यांपेक्षाही गोड. यंत्र प्रयोगशाळेच्या ताब्यात, म्हणून ते काम माझं. तात्पुरत्याला आता दोन वर्षं होतील.

साळवेकाका बादलीकडे पाहत राहिला. मग त्यानं विचारलं.

"पानी कोन बदलतं ह्यातलं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

तो बादलीपाशी उकिडवा बसला. अधू डोळा मिटून दुसऱ्यानं आत पाहिलं, बादलीच्या कडेनं आतून एक बोट फिरवलं आणि ते धोतराला पुसलं. ऑपरेटर होता तेव्हा जसं बोलायचा, अगदी त्याच आवाजात तो म्हणाला, "थंडीत दोन दिसाला बदललं तरी चालतंय ताई. उन्हाळ्यात मातर रोज बदला, न्हाईतर शेवाळ धरतंय, आन् मंग आकडा हालतो."